रहस्य आणि थरार

‘रहस्यपट’ या एकाच नावाखाली मराठीत दोन भिन्न प्रकृतींचे चित्रपट नांदत आले आहेत, आणि त्यांच्या समीक्षेतील बराचसा घोटाळा या नावातूनच उद्भवला आहे. प्रेक्षकापासून काही दडवून ठेवतो तो रहस्यपट. त्याला पुरेसे सांगून मग वाट पाहावयास लावतो तो थरारपट. हिचकॉकने हा भेद मेजाखालच्या बाँबच्या दृष्टांताने विशद केला होता. बाँब अकस्मात फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. परंतु तो तेथे आहे हे त्यास आधीच ठाऊक असेल, तर मेजाभोवतीच्या साध्या गप्पाही त्याला असह्य होतात.

या दृष्टीने राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) पुन्हा पाहण्याजोगा आहे. पत्नीच्या मृत्यूचा आघात सोसलेल्या वकिलासमोर तिच्याच चेहऱ्याची एक आरोपी स्त्री उभी राहते आणि ‘मीच तुमची पत्नी’ असे म्हणते. ती कोण, हे झाले रहस्य; आणि त्याचा उलगडा जुळ्या बहिणींच्या झिजलेल्या संकेतानेच होतो. चित्रपटाचे बळ त्यात नाही. घरच्या माणसालाच ठाऊक असावयाचे असे ती काही बोलते, तेव्हा काशिनाथ घाणेकरांचा वकील ज्या पेचात सापडतो, त्यात ते आहे. खटला जिंकला, तर कदाचित संसार हरला! राज खोसला यांनी हीच कथा ‘मेरा साया’ (१९६६) या नावाने हिंदीत आणली. मूळ मराठी चित्रपट पाहून हिंदीकडे गेलेल्या प्रेक्षकाला रहस्य उरले नव्हते. पेच मात्र तसाच शिल्लक होता.

लखनौस नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी वाचकाला अमौसीचा विमानतळ परिचित असतो. २२ जानेवारी १९९३ रोजी लखनौहून दिल्लीस निघालेले विमान एका प्रवाशाने स्फोटकाची धमकी देऊन येथेच परत आणविले. त्याला अटलबिहारी वाजपेयींशी बोलावयाचे होते. त्यांचा आवाज ऐकूनही त्याची खात्री पटली नाही आणि त्यांना प्रत्यक्ष विमानापर्यंत जावे लागले, असे सांगतात. अखेर तो शरण आला. त्याच्याजवळचे स्फोटक खोटे निघाले.

सामान्य पटकथाकार हा खोटेपणा शेवटच्या धक्क्यासाठी राखून ठेवील. परंतु आतील प्रवाशांची भीती त्यामुळे तिळमात्र खोटी ठरत नाही. बाँब खरा की खोटा, यापेक्षा ‘तो आहे’ ही जाणीव त्यांना छळत होती. आणि समोरचा माणूस खरोखर तोच कशावरून, हा ‘पाठलाग’मधील वकिलाचा प्रश्न येथे अपहरणकर्त्यालाही पडला होता.

आपले बहुतेक पटकथाकार आजही दडविण्यातच सारी बुद्धी खर्च करतात. दडविलेले एकदाच उपयोगी पडते. सांगून टाकल्यावरही जे अस्वस्थ करते, तेच कथेचे खरे भांडवल होय.