हिंसेला अश्लीलतेचे माप

ऑक्टोबर २००५ मध्ये कॅलिफोर्नियात एक कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकला किंवा भाड्याने दिला, तर हजार डॉलरपर्यंत दंड. सही करणारे गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर, म्हणजे पडद्यावरचे ‘टर्मिनेटर’. विधेयक मांडणारे लेलँड यी. या यींना २०१४ मध्ये लाचखोरी आणि शस्त्रांच्या बेकायदा व्यवहाराच्या आरोपांवरून अटक झाली. पुढे गुन्हा कबूल करून त्यांनी पाच वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. राजकारण्यांच्या ढोंगाचा हा दाखला नेहमी दिला जातो. मला तो फार सोपा वाटतो. आक्षेप घेणारा दांभिक निघाला म्हणून आक्षेप खोटा ठरत नाही.

मला खटकतो तो मसुदा. खेळाडूपुढे कोणते पर्याय असतात, याचा उल्लेख व्याख्येत होता. गेममधली हिंसा केवळ पाहायची नसते, खेळणाऱ्याने ती करायची असते, एवढे मसुदाकारांना कळले होते. पण तो धागा तिथेच सुटला आणि पुढे अश्लीलतेच्या खटल्यांतल्या कसोट्या उचलून जोडल्या गेल्या: विकृत रुचीला आवाहन, समाजाच्या प्रचलित मानदंडांचा भंग, गंभीर वाङ्मयीन किंवा कलात्मक मूल्याचा अभाव. हे मूल्य ठरवायचे कोणी?

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी कायदा रद्द केला. बहुमताच्या निकालपत्रात न्या. स्कॅलिया यांनी ग्रिमबंधूंच्या परीकथांतल्या क्रौर्याकडे बोट दाखवले. (आपल्याकडे हिरण्यकशिपूचे पोट फाडणारा नरसिंह आजी घास भरवतानाच सांगते.) सरकारने पुढे केलेल्या संशोधनात सहसंबंध दिसतो, कार्यकारण नाही, आणि तेवढाच परिणाम बग्ज बनीच्या कार्टूनचाही आढळतो, हेही त्यांनी नोंदवले.

पण सातांपैकी अलिटो आणि रॉबर्ट्स यांनी कायदा रद्द केला तो संदिग्धतेच्या मुद्द्यावर. हे माध्यम पुस्तकाहून वेगळे असू शकते, घाई नको, असे अलिटो यांनी बजावले. निकालाच्या वर्णनांत ही बाजू क्वचितच येते.

विरोधी मत देणाऱ्या ब्रेयर यांचा प्रश्न तर आणखी अवघड आहे. तेरा वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचे चित्र असलेले मासिक विकता येत नाही. मग त्याच स्त्रीला बांधून, छळून मारण्याचा गेम त्याला विकण्यास संरक्षण का? अश्लीलता हा जुना अपवाद आहे, हिंसा नाही, हे बहुमताचे उत्तर. कायद्याला ते पुरले असेल. मला ते वाचून ब्रेयर यांचा प्रश्न हातावेगळा झाल्यासारखे वाटत नाही.