सोन्याला विटाळ होत नाही

अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा मी नांदेडला वर्गात अनेक वेळा शिकवली. दर वेळी एका ठरावीक जागी वर्गातून ‘शी’ असा आवाज येतो. भीमा चितेची राख चाळतो तेव्हा तो येत नाही. पुरलेले प्रेत उकरून त्याच्या जबड्यात बोटे घालतो तेव्हा येतो. हा आवाज करणाऱ्यांत सवर्णांची मुले असतात, तशी आपलीही असतात. या कथेवर बोलताना आपण भीमाच्या भुकेविषयी भरभरून बोलतो आणि त्या ‘शी’ला बगल देतो. मला वाटते, कथेचा खरा झगडा तिथेच आहे.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. वारणाकाठचा भीमा पोट भरायला मुंबईला येतो. अंगाने पहाड. उपनगरातल्या खाणीत तो दगड फोडतो. खाण बंद पडते. घरात खाणारी तोंडे आहेत आणि हातांना काम नाही. अशा वेळी मसणवटीच्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते. मग तो राख चाळू लागतो, पुढे मढी उकरू लागतो. एका रात्री मढ्यासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. पहारीने उचकटलेला जबडा मिटतो आणि बोटे आत अडकतात. शेवटी ती बोटे कापावी लागतात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. हा शेवट योगायोगावर उभा आहे आणि थोडा जुळवलेला वाटतो, हे मी मान्य करतो. परंतु पुष्कळ जण त्याला पापाची शिक्षा समजतात, ते मात्र मला मान्य नाही. दगड फोडणाऱ्या माणसाजवळ हाताखेरीज दुसरे भांडवल नसते. बाजाराने त्याचे कामही काढून घेतले आणि हातही. यात पाप कुठे आले?

प्रस्थापित सौंदर्यशास्त्राकडे अशा प्रसंगासाठी तयार कप्पा आहे. स्थायीभाव जुगुप्सा, रस बीभत्स. या कप्प्यात कथा टाकली की काम संपते. रसिक आपल्या आसनावर बसून नाक मुरडतो आणि त्यातही त्याला आस्वाद मिळतो. पण या रसविचारात एक प्रश्न कधी विचारला जात नाही. किळस वस्तूची येते, की ती वस्तू काढणाऱ्या हाताची?

उत्तर आपल्याला वेगळीकडे शोधायला नको. ज्या ग्रंथाची २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला होळी झाली, त्यातच ते आहे. मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो की, अमंगळ जागेतूनही सोने खुशाल घ्यावे. पाचवा अध्याय म्हणतो की, काही चिकटलेले नसेल तर सोन्याचे भांडे नुसत्या पाण्याने शुद्ध होते. आणि दहावा अध्याय चांडाळांना गावाबाहेर राहायला लावतो, मेलेल्याची वस्त्रे नेसायला लावतो आणि अलंकार लोखंडाचे घालायला सांगतो. हे तिन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचा. घाणीतून निघालेले सोने पाण्याने धुतले जाते, घाणीत हात घालणाऱ्याला मात्र कोणतेही पाणी पुरत नाही. मेलेल्याचे कापड त्याच्या वाट्याला, मेलेल्याचे सोने नाही. म्हणजे भीमा मढ्याला हात लावतो म्हणून शास्त्र चिडत नाही. मढ्याचे काम तर त्याच्यासाठीच राखून ठेवले आहे. तो त्या कामातून सोने घेऊन येतो, ही त्याची आगळीक.

ही जुनी पोथी झाली असे कोणी म्हणेल. त्याने लातूरला गंजगोलाईत सराफ ओळीला दुकाने उघडण्याआधी जावे. सोनारांच्या दारापुढची माती झाडून नेणारे, गटारातला गाळ घमेल्यात भरणारे झारेकरी कोणत्याही सराफ्यात असतात. तो गाळ धुवायचा, खाली बसलेली जड माती पाऱ्याशी घोळायची, पारा कण धरतो, मग तो जाळून उडवायचा. पाऱ्याचा धूर त्यांच्या छातीत जातो आणि सोने परत त्याच ओळीत विकायला येते. सराफ ते कसोटीवर घासतो आणि मुशीत टाकतो. ते गटारातले आहे याची चौकशी कुणी करत नाही. उद्या ते मंगळसूत्रात जाईल. माझा लातूरचा एक विद्यार्थी हे सगळे जवळून पाहिलेला. तो वर्गात उठून म्हणाला, “सर, किळस गाळाची असते. वितळलं की संपते.” रसचर्चेच्या चार ग्रंथांत मला हे सापडले नव्हते.

कातड्याचेही तेच. मेलेले ढोर फाडणारा गावकुसाबाहेर आणि त्याच कातड्याने मढवलेला पखवाज देवळात कीर्तनाला.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. बाबासाहेबांनी आपल्याला किळस शिकवली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला त्यांनी मृत मांस सोडा, ही कामे सोडा असे सांगितले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी या वादाची आठवण सांगितली आहे. कातडे, शिंगे, हाडे यांतून महारांना वर्षाला पाचशे रुपये मिळतात, ते बुडतील, असा प्रचार वर्तमानपत्रांतून चालला होता. ते उत्पन्न तुम्हीच घ्या, वर आणखी पाचशे मी देतो, असे बाबासाहेबांचे उत्तर होते. कोणी पुढे आले नाही. मग भीमाचे काय? बाबासाहेबांनी टाकायला सांगितले तेच अण्णाभाऊंचा नायक छातीशी धरतो का?

माझे मत असे. बाबासाहेबांनी मागितलेली किळस ही एकट्याची नव्हे, समाजाची होती. सगळ्यांनी मिळून उपाशी राहायची तयारी ठेवून ती स्वीकारायची होती. भीमा एकटा आहे. त्याच्यामागे ना गाव, ना सभा, ना युनियन. किळस वाटून घेण्यासाठीही पायाखाली थोडी जमीन लागते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) संतामाय जनावरांच्या शेणातली ज्वारी वेचते, धुते, दळते आणि तिची भाकरी करते. नातवाला त्या भाकरीला शेणाचा वास येतो. त्याला तो येतो, याचे कारण आजीने तो वास स्वतःच्या वाट्याला ठेवलेला असतो. आमच्या वर्गातली ‘शी’ अशीच कुणाच्या तरी आजीच्या जिवावर आलेली आहे. तिची लाज वाटायचे कारण नाही. पण ती आजीवर उलटता कामा नये.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर कोसळला तेव्हा मी कॉलेजात होतो. मदतीच्या ट्रकमधून आम्ही पोरे तिकडे गेलो. दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसे होती, वर पाऊस. गावाचे नाव सांगत नाही. तिथे आमच्याच वस्तीतला एक म्हातारा दोन दिवस प्रेते काढत होता. नाकाला रुमाल बांधायलाही त्याला सवड नव्हती. एका बाईच्या प्रेताच्या गळ्यात बोरमाळ होती. त्याने ती सोडवली, धोतराला पुसली आणि घरच्या माणसापुढे धरली. तो माणूस मागे सरला. “दगडावर ठेव,” म्हणाला. म्हाताऱ्याने ठेवली. त्या माणसाने तांब्यातले पाणी माळेवर शिंपडले आणि ती उचलून खिशात घातली. मग म्हाताऱ्याने हात धुवायला पाणी मागितले, तेव्हा तोच तांब्या वरून धरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतले गेले.

या वर्षी वर्गात ‘शी’ आली तेव्हा मी पुस्तक मिटून हे सांगितले. मग पुन्हा उघडले आणि खाण सुरू झाल्याची बातमी येते तो भाग वाचून दाखवला.