पानं गळल्यावर दिसलेलं झाड

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांचं ‘अ‍ॅन ओक ट्री इन विंटर’ हे छायाचित्र पाहिलं की मनात पहिला शब्द येतो तो ‘उदास’. मधोमध निष्पर्ण ओक, मागे क्षितिजालगत धूसर झाडी, वर कोरं आकाश. या उदासीबद्दल मला शंका आहे. शंका घेऊनही चित्र मला मोठंच वाटतं.

झाड लेकॉक अ‍ॅबीच्या आवारातलं. इंग्लंडमधल्या विल्टशरची ही वास्तू १२३२ साली ननांचा मठ म्हणून सुरू झाली. सोळाव्या शतकात मठ मोडला आणि तिथे राहतं घर झालं. पुढे ते टॅल्बट घराण्याकडे आलं. याच घरातल्या खिडकीची १८३५ची निगेटिव्ह ही आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह मानली जाते. ओकचं चित्र त्यानंतरचं, १८४२-४३च्या सुमाराचं, कॅलोटाइप पद्धतीनं काढलेलं.

कॅलोटाइप म्हणजे सिल्व्हर आयोडाइडचा थर दिलेला कागद. त्याला निळा प्रकाश चटकन कळायचा, हिरवा फारसा नाही. त्यामुळे उन्हाळ्यातलं डेरेदार झाड म्हणजे बहुधा काळा गोळा. शिवाय एक्स्पोजर काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत. तेवढ्यात वाऱ्यानं पानं हलणार आणि चित्र पुसट होणार. हिवाळ्यात प्रकाश कमी, म्हणजे थांबावं जास्त लागणार. पण हलायला पानंच नाहीत. खोड आणि फांद्या स्थिर. कागदाला जे नीट दिसू शकत होतं, नेमकं तेच या ऋतूत उरलं होतं.

आता आकाश. निळ्याला इतका संवेदनशील कागद निळं आकाशही छापात पांढरंच दाखवणार. म्हणजे नुसत्या त्या कोरेपणावरून दिवस मळभाचा होता असं म्हणता येत नाही. आपण ज्याला हिवाळ्याची खिन्नता म्हणतो, तिच्यातला काही भाग रसायनाचा आहे. रेषांमधला मऊपणाही काही अंशी कागदाच्या तंतूंचा, कारण निगेटिव्हच कागदाची.

मग टॅल्बट यांचं श्रेय काय उरलं? माझ्या मते, निवड. स्थिरच काही हवं होतं तर घराच्या भिंती होत्या, पुतळे होते, आणि त्यांची चित्रं त्यांनी काढलीही. पण ते वनस्पतिशास्त्राचेही अभ्यासक होते. उघडं झाड म्हणजे झाडाची रचना: कुठली फांदी कुठून फुटली, पुढे कशी विभागली. पानांनी झाकलेलं ते सगळं इथे वाचता येतं. साधनाची मर्यादा आणि बघणाऱ्याचं कुतूहल एकाच झाडापाशी येऊन मिळाली आहेत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून हे मला जास्त टोचतं. आजचा फोन अंधारातला फोटो काढताना अनेक फ्रेम एकत्र करतो, कधी न दिसलेला तपशील अंदाजानं भरतो, आणि कुठे भरला ते सांगत नाही. टॅल्बट यांच्या कागदाला आकाशातलं काही टिपता आलं नाही, तर तिथे कोरी जागा आहे. त्या जागेत आपण उदासी भरतो. ती भरायला हरकत नाही. मात्र ती आपण भरली, एवढं माहीत असावं. त्यानंतर चित्रात जे उरतं ते दुःख नसून झाडाकडे लावलेलं लक्ष आहे, आणि मला ते दुःखाहून दुर्मीळ वाटतं.