काळ्या पाषाणाचें वय

वऱ्हाडांतील पठाराविषयीं मराठींत जें लिहिलें जातें, त्यांत एक वाक्य हटकून येतें: हा काळा पाषाण कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. वाशीम जिल्ह्यांतील मेडशीच्या परिसराचें वर्णन करणारा लेखकहि एवढें सांगून मोकळा होतो. विधान खरें आहे. परंतु तें कशावरून, याचा पत्ता वाचकास लागत नाहीं. आमची तक्रार याविषयींच आहे.

येथील पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक बसले आहेत, आणि तापलेल्या लाव्ह्यांत प्राण्याचें कवच टिकत नाहीं. दोन लाव्ह्यांमधील गाळांत जीवाश्म मिळतात. पण दक्षिणेच्या पठारावर हा गाळ बहुधा गोड्या पाण्याचा असतो. बीरबल सहानी यांनीं १९३४ सालीं ‘करंट सायन्स’ मासिकांत दक्षिण ट्रॅप क्रिटेशस कीं टर्शियरी, असा रोखठोक प्रश्न विचारला, आणि मुख्यतः अशा गाळांतील वनस्पतींची, त्यांतहि ताडवर्गीय झाडांची, साक्ष काढून टर्शियरीच्या बाजूनें कौल दिला. प्रश्न नेमका होता. उणीव होती ती साक्षीदारांत. ताडाचें कुळ क्रिटेशस काळांतहि होतें आणि आजहि आहे. इतक्या दीर्घायुषी साक्षीदारास दिवस आणि घटिका विचारण्यांत अर्थ नाहीं.

याहून चोख साक्षीदार म्हणजे फोरॅमिनिफेरा. हे एकपेशी समुद्री जीव. यांचीं चुन्याचीं कवचें पुष्कळदां मिलिमीटरच्या दशांशाएवढींच असतात. यांतील तरंगणाऱ्या जाति प्रवाहांबरोबर दूरवर पसरतात, लवकर बदलतात आणि लवकर नष्ट होतात. म्हणून एकच जाति दोन दूरच्या चुनखडकांत आढळली, तर ते थर साधारण समकालीन ठरतात. यूग्युबिना या जातीचें नांव इटलींतील गुब्बिओ गांवावरून पडलें. क्रिटेशसच्या अखेरच्या महासंहारानंतर लवकरच ती अवतरली आणि थोड्याच काळांत लोपली. चुनखडकाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं धरून अशा जाति ओळखतात.

गोदावरीकांठीं राजमहेंद्री येथें दोन लाव्ह्यांच्या मध्यें समुद्री गाळ व चुनखडक आहेत. गेर्टा केलर, सुनील बाजपेयी आणि त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं तेथील गाळांत संहारानंतरच्या अगदीं आरंभींच्या जाति दाखविल्या. अर्थात् खालचा लाव्हा त्यांच्या आधींचा, वरचा नंतरचा. २००९ सालीं छिंदवाडा जिल्ह्यांतील झिलमिली येथूनहि त्याच काळचीं कवचें नोंदलीं गेलीं. सहानींचा कौल अशा रीतीनें अर्धा टिकला: लाव्ह्याचे उद्रेक युगसीमेच्या दोन्ही बाजूंस पसरलेले आहेत.

मात्र येथें तीन गोष्टींची गल्लत होतां कामा नये. पहिली, कवच क्रम सांगतें, वर्षें सांगत नाहीं. ६ कोटी ६० लक्ष हा आंकडा आर्गॉन व युरेनियम यांच्या मोजणीचा आहे. दुसरी, राजमहेंद्रीची साक्ष पश्चिमेकडे आपोआप चालत येत नाहीं. रासायनिक घटक आणि खडकांत गोठलेली चुंबकदिशा यांवरून तेथील लाव्हे सह्याद्रीतील आंबेनळी व महाबळेश्वर या थरांशीं जुळविले गेले, तेव्हांच ती महाराष्ट्रांत लागू झाली. मेडशीजवळच्या एखाद्या कड्याचें वय सांगावयाचें, तर तो कडा याच सांखळींत कोठें बसतो हें दाखविलें पाहिजे. साऱ्या ट्रॅपचा आंकडा उचलून त्यावर चिकटविणें पुरेसें नाहीं. तिसरी, लाव्हा व संहार हे जवळच्या काळांत घडले, एवढ्यावरून लाव्ह्यानेंच संहार केला असें सिद्ध होत नाहीं. मेक्सिकोंतील चिक्शुलुब येथें आदळलेल्या अशनीचा दावा याहून दुबळा नाहीं. केलर यांचा कल लाव्ह्याकडे आहे. त्यांच्या कालनिर्णयाचा आम्ही आदर करतों. कारणनिर्णय मात्र त्या कवचांनीं दिलेला नाहीं.

मराठी लेखकांकडे आमचें मागणें मोठें नाहीं. वय सांगतांना साक्षीदार कोण, तो कोठला, आणि त्याची साक्ष येथवर कोणत्या वाटेनें पोंचली, हें चार ओळींत सांगावें. आमच्या वाचकांस तेवढें समजण्याची पात्रता निश्चित आहे.