सेन्सॉरचे उपकार?

गोव्याचा इफ्फी असो की पुण्याचा महोत्सव, इराणी चित्रपट संपून दिवे लागले की कुणीतरी म्हणतंच, "बंधनं होती म्हणून यांचा सिनेमा एवढा तरल झाला." ऐकून ऐकून कान किटले आहेत. आता तर समीक्षेतही हे मत बिनदिक्कत छापून येतं.

सनावळी तरी पाहावी. फरूग फरोखजादनं तब्रीझजवळच्या कुष्ठरोग्यांवरचा माहितीपट 1962 साली केला. दिग्दर्शक मेहरजुईंचा 'गाव' (म्हणजे गाय) 1969चा, कियारोस्तामींचा पहिला लघुपट 1970चा. मुल्लांना सत्तेवर आणणारी क्रांती झाली 1979 साली. मग तरलतेचं श्रेय मुल्लांना कसं? त्याआधीची शहाची राजवटही काही कमी नव्हती. 'गाव'ला पैसा तिचाच, आणि देश आधुनिक होत असताना खेड्यातलं दारिद्र्य दाखवलं म्हणून तो अडवला तोही तिनंच. 1936 साली या शहाच्या वडिलांनी, रझा शाहनं, बायकांच्या डोक्यावरची चादर पोलिसांकरवी उतरवली, क्रांतीनंतर ती पोलिसांकरवीच परत चढली. बाईला विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

पडद्यावर या सक्तीचा परिणाम काय झाला? बाई स्वयंपाकघरात, नवऱ्यासमोर, अंथरुणातसुद्धा डोकं झाकून. आजारी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवायचीही सोय नाही. असं घर तेहरानमध्ये कुणाचंच नसतं, आणि आपण मात्र त्याला वास्तववाद म्हणत आलो! कियारोस्तामींची मुलं, मोटारी, वळणावळणाचे रस्ते मलाही प्रिय आहेत. पण त्यांचा कॅमेरा घराबाहेर इतका का रमला, याचं एक उत्तर या खोट्या घरातही आहे.

म्हणूनच 'माय फेव्हरिट केक' (2024) पाहताना मी सावरून बसलो. मरियम मोगद्दम आणि बेहताश सनाइहा यांची सत्तरीची विधवा एका टॅक्सीवाल्याला घरी आणते, वाइन ओतते, नाचते, आणि आपल्याच घरात तिचे केस मोकळे असतात. बस, एवढंच. पण चाळीस वर्षांचा खोटेपणा त्या एका खोलीत संपतो. दिग्दर्शक रसूलोफच्या 'द सीड ऑफ द सेक्रेड फिग'मध्ये सरकारी न्यायाधीशाची बायको मुलीच्या मैत्रिणीच्या चेहऱ्यातले छर्रे चिमट्यानं काढते. मध्येच हिजाबसक्तीविरुद्धच्या 2022च्या आंदोलनाची खरी मोबाइलची दृश्यं येतात. शेवटचा पाठलाग ओबडधोबड आहे, मान्य. पण त्या छऱ्यांच्या प्रसंगापुढे फरहादींच्या चित्रपटांतले चतुर नैतिक पेच मला वकिली वाटू लागले आहेत. मजीदींच्या चित्रपटांतल्या गोडव्याबद्दल तर बोलायलाच नको. मुंबईत येऊन चित्रपट केला तरी तो उतरला नाही.

"पण यात कला कुठे? हा तर प्रचार!" असं म्हणणारे म्हणोत. परवान्यासाठी घरातल्या बाईला रुमाल बांधायचा, हा सरकारचा प्रचार होता. तो आपण दशकानुदशकं शैली म्हणून गोड मानून घेतला. तो नाकारायची किंमत पाहा. दिग्दर्शक पनाहींवर 2010 साली वीस वर्षांची चित्रपटबंदी आली. रसूलोफला आठ वर्षांची कैद आणि फटके सुनावले गेले, तो डोंगर पायी ओलांडून देशाबाहेर पडला. मोगद्दम आणि सनाइहा यांचे पासपोर्ट जप्त झाले, बर्लिनच्या पहिल्या खेळाला त्यांना जाता आलं नाही. या माणसांनी जे केलं ते बंधनांमुळे केलं म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याच्या पराक्रमाचं श्रेय त्याला बुडवणाऱ्याला देणं.

फिल्म सोसायट्यांना एकच विनंती: इराणी विभाग आखताना कियारोस्तामींचा 'टेस्ट ऑफ चेरी' या वेळी राहू द्या. हे दोन चित्रपट आणि पनाहींचा 2025चा 'इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट' आधी दाखवा.