प्रवासी आणि वारसा : सारामागो यांच्या ‘पोर्तुगालचा प्रवास’ या ग्रंथाविषयी

प्रवासवर्णनाचे परीक्षण करताना लेखकाने काय पाहिले याबरोबरच ते कोणत्या अधिकाराने पाहिले, हेही विचारावयास हवे. जोझे सारामागो (१९२२–२०१०) यांचा १९८१ साली प्रसिद्ध झालेला ‘पोर्तुगालचा प्रवास’ हा ग्रंथ या दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. ईशान्येकडील त्राज-उज-मोंतिश, म्हणजे ‘डोंगरांपलीकडचा’ प्रदेश, येथून त्याचा आरंभ होतो. पोर्तुगीज म्हणताच मराठी वाचकाच्या मनात गोव्यातील किल्ले, चर्चे आणि राज्यसत्ता उभी राहते. खडकाळ भूमीत राय पिकवून उदरनिर्वाह करणारा पोर्तुगीज कृषीवल मात्र आपल्याला जवळजवळ अपरिचित आहे.

या ग्रामजीवनाकडे पाहण्याची एक अधिकृत रीत सारामागोंच्या आधी रूढ झाली होती. १९३८ साली सालाझार राजवटीच्या प्रचारखात्याने, आंतोनियु फेर्रु यांच्या नेतृत्वाखाली, ‘सर्वांत पोर्तुगीज खेडे’ निवडण्याची स्पर्धा घेतली आणि मोन्सांतु या गावाला रुपेरी कोंबड्याचे पारितोषिक दिले. खेड्याने अपरिवर्तित राहावे आणि नगरवासीयाने त्याचे कौतुक करावे, हे या स्पर्धेतील गृहीत होते. दारिद्र्य हेच तेथे अलंकार ठरले.

१९७४ च्या क्रांतीनंतर लिहिणाऱ्या सारामागोंनी ही दृष्टी कशी नाकारली, हे त्यांच्या निवेदनपद्धतीत दिसून येते. ते ‘मी’ म्हणत नाहीत. सर्वत्र ‘प्रवासी’ असा तृतीयपुरुषी निर्देश करतात. ही केवळ शैलीची लकब नव्हे. पाहणारा स्वतःच पाहण्याचा विषय झाल्यामुळे त्याचे अज्ञान, त्याचा हट्ट आणि त्याचे उपरेपण वाचकापुढे उघडे राहते. ठिकठिकाणी चर्चला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे, याचा शोध घेत त्याला दारोदार फिरावे लागते. वारसा गावाचा आहे, आपण याचक आहोत, ही जाणीव या प्रसंगांतून उपदेशावाचून प्रकट होते.

तथापि मर्यादाही येथेच आहे. प्रवाशाची दृष्टी वेदी, शिल्पे व जुने दगड यांवर दीर्घकाळ स्थिरावते; ग्रामस्थ पुष्कळदा किल्लीपुरताच भेटतो. आरंभीच सरहद्दीवर प्रवासी नदीतील माशांना उद्देशून प्रवचन करतो. सतराव्या शतकातील आंतोनियु व्हिएइरा यांच्या प्रसिद्ध प्रवचनाचा हा सहेतुक प्रतिध्वनी आहे. एकाच पाण्याला एका तीरावर दोरु आणि दुसऱ्या तीरावर दुएरो म्हणतात, यावर त्यातील विनोद उभा आहे. परंतु याच मिरांदा परिसरात लेओनी कुळातील मिरांदी ही तिसरी भाषा बोलली जाते. लैत द व्हास्कोंसेलुश यांनी १८८२ साली तिच्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले आणि १९९९ साली तिला कायद्याने मान्यता मिळाली. दोन राष्ट्रांच्या सीमेची थट्टा करताना सीमेवरच्या लोकांची स्वतंत्र वाणी विनोदाच्या चौकटीबाहेर राहते.

या ग्रंथाशेजारी झोर्झ दियश यांचा ‘रियु द ओनोर’ (१९५३) हा लोकजीवनाचा अभ्यास ठेवून पाहावा. त्या सीमावर्ती गावात कुटुंबप्रमुखांची सभा कारभार पाही, काही शेते सामाईक कसली जात, आणि दंडाची नोंद काठीवर खाचा पाडून होई. दंड द्यावयाचा तो मद्याच्या रूपाने. येथे वारसा म्हणजे वास्तू नव्हे, तर परस्परांशी वागण्याची रीत होय. आणि ती कोणत्याही कुलुपात ठेवता येत नाही. कसणारी माणसे परदेशी निघून गेली की चर्च उरते, सभा उरत नाही.

म्हणून सारामागोंचे श्रेय नेमके सांगावयाचे तर असे : त्यांनी प्रवाशाला नम्र केले, परंतु जे नष्ट होत होते त्याचा पूर्ण हिशेब मांडला नाही. तो हिशेब दियश यांच्याकडे सापडतो. तेथे मात्र पाहणारा स्वतः अदृश्य राहतो. अभ्यासकाने हे दोन्ही ग्रंथ एकत्र वाचणे इष्ट होय.