झाडाचा महिना

दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने आणि महिन्याला एक लेख, अशी त्याची साधी मांडणी आहे. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. समीक्षेची परिभाषा मला अवगत नाही. पण या पुस्तकाने माझ्याच एका कादंबरीतली लबाडी उघडी पाडली. ती कशी, एवढे सांगितले तरी पुस्तकाची थोरवी वाचकांच्या ध्यानी येईल.

आपल्याकडे निसर्गावर लिहायचे म्हणजे झाडाला उपमेच्या जोखडाला जुंपायचे. शाळेत ‘माझे वडील’ हा निबंध तपासायला बसलो, की चाळीसांतल्या तीस मुलांचे वडील वटवृक्ष असतात. मुलांना हसण्याचा मला अधिकार नाही. माझ्या कादंबरीत विहिरीकाठची बाभूळ आहे. मुलीच्या लग्नाचे देणे फेडायला बाप ती विकतो, आणि तिच्यावर पडणारी कुऱ्हाड म्हणजे त्याचे निष्ठुर मन, असे मी रंगवले. बाभूळ आमचीच, बापही आमचे अण्णाच. आठ वर्षांच्या मुलाचा राग मी तिशीत जसाच्या तसा छापला.

दुर्गाबाई झाडाला असे राबवत नाहीत. पालवी कोणत्या रंगाची, मोहर कधी आला, पान कधी गळले, हे त्या आधी डोळे भरून पाहतात. भावना येते ती मागाहून. दोषही सांगितला पाहिजे. त्यांची भाषा कधीकधी संस्कृत विशेषणांनी इतकी नटते, की माझ्या वर्गातली मुले मथळ्याशीच अडखळतात. पण त्या दागिन्यांखाली नजर पक्की आहे. प्रत्येक झाडाला त्या जणू एकच प्रश्न विचारतात : तुझा महिना कोणता?

गेल्या पावसाळ्यात पुस्तक पुन्हा वाचत होतो. सहज मनात आले, आमची बाभूळ कोणत्या महिन्यात तुटली? कार्तिकात. दिवाळीच्या पणत्या अजून कोनाड्यात होत्या. पण सावकार तर श्रावणातच दारात येऊन बसला होता! मग अण्णा तीन महिने का थांबले?

उत्तर मला ठाऊक होते. श्रावणात बाभूळ पिवळ्या फुलांनी भरली होती आणि विहिरीवर झुकलेल्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लोंबत होते. सुतार कुऱ्हाड घेऊन आला, तेव्हा अण्णा म्हणाले, “पिल्लं उडू द्या. दिवाळीनंतर या.”

“अण्णा, मग पन्नास रुपये कमी देईन.”

“चालेल.”

हे मी तिथे उभा राहून ऐकले होते. निष्ठुर बाप रंगवताना ते अडचणीचे होते, म्हणून गाळले. आणि गाळता गाळता विसरलो. अण्णा आता नाहीत. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची नाही.

दिवाळीच्या सुटीत ‘ऋतुचक्र’ घरात मोठ्याने वाचावे. कार्तिकापासून आरंभ केला तरी बिघडत नाही. वाचता वाचता आपापल्या अंगणातले एखादे झाड आठवेल, आणि त्याच्याजवळ उभे असलेले माणूसही. मी मात्र हल्ली निबंधात वटवृक्ष दिसला, की समासात तांबड्या शाईने लिहितो : कोणते झाड? कोणता महिना?